खालची ओळ

माझ्या चेलोच्या सरांकडे एक पिवळी पडलेली प्रत होती. कडा चहात बुडवल्यासारख्या, मधल्या पानाला दोन ठिकाणी चिकटपट्टी, आणि मुखपृष्ठावर विवाल्डीचं नाव. खाली ‘सोनाटा, ई मायनर, ओपस १४, क्रमांक ५’. मी चाळिशी ओलांडल्यावर चेलो हातात घेतला होता, त्यामुळे या पानांपर्यंत पोचायला चार वर्षं लागली. इतर ठिकाणी मुलं बाराव्या-तेराव्या वर्षी हा सोनाटा वाजवतात. शिकवण्याच्या पुस्तकांतून तो जगभर फिरलेला आहे.

त्या प्रतीत प्रत्येक ओळीला तीन मजले होते. वर चेलोची ओळ, खाली पियानोच्या दोन, उजव्या हाताची आणि डाव्या हाताची. पियानो वाजवणारं कोणी नव्हतंच. माहीमच्या त्या दोन खोल्यांत पियानो मावलाही नसता. सरांनी पहिल्या दिवशी एक केलं. लाँड्रीच्या बिलाचा एक लांब कागद घेऊन त्यांनी मधली ओळ झाकली. मग स्वतःचा चेलो घेतला आणि सर्वांत खालची ओळ वाजवू लागले.

‘‘मधली नको?’’ मी विचारलं.

‘‘ती मागाहून कोणी तरी भरलेली आहे. त्याची नाही,’’ सर म्हणाले. ‘‘तू वरची वाजव.’’

मी वाजवलं. बेसूर, थरथरत. पण जे ऐकू आलं ते माझ्या फोनवरच्या रेकॉर्डिंगमध्ये कधी ऐकू आलं नव्हतं. तिथे चेलो पुढे असे आणि मागे पियानोचा धुरकट पडदा. इथे दोन सारखीच वाद्यं होती, एकाच जातीचा आवाज, जेमतेम एका हाताच्या अंतरावर. वरचा आवाज लांब सुरावर थांबला की खालचा चालू लागायचा. तो मागे नव्हता, शेजारी होता.

घरी आल्यावर मी शोधायला बसले. ‘मागाहून कोणी तरी भरलेली’ म्हणजे काय, एवढंच विचारायचं होतं. त्यातून जे हाती लागलं ते हे.

विवाल्डीचे चेलोचे सहा सोनाटे पॅरिसमध्ये १७४० च्या सुमारास ल क्लेर नावाच्या प्रकाशकाने छापले. तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापण्याचा तो जमाना. त्या मूळ छपाईत तीन मजले नाहीत, दोनच आहेत. वर ‘सोलो’ आणि खाली ‘बास’. बस्स. अशा छपाईत दोन्ही ओळी एकाखाली एक असत आणि वाजवणारे एकाच पानावरून वाजवत. म्हणजे ज्याला आपण साथीदार म्हणू त्याच्यासमोर मुख्य वादकाचा प्रत्येक सूर असे, आणि मुख्य वादकाच्या डोळ्यांखाली साथीदाराचा. (आपल्याकडचं स्वतंत्र तबला-वादनाचं चित्र आठवा. लहरा धरणाऱ्याकडे पाहतो कोण?)

खालच्या त्या ओळीला म्हणत ‘बास्सो कंटिन्युओ’. न थांबणारा खर्ज. १६०० च्या आसपास इटलीत हा प्रकार रुळला आणि पुढची दीडशे वर्षं युरोपातलं जवळजवळ सगळं संगीत त्याच्यावर उभं राहिलं. पद्धत अशी: रचनाकार फक्त सर्वांत खालचे सूर लिहितो. मधलं काही लिहीत नाही. फार तर सुरांच्या डोक्यावर बारीक आकडे घालतो. ‘६’ लिहिलं असेल तर या सुरापासून सहावा सूर वर धर, ‘४’ मग ‘३’ असेल तर चौथा धरून तिसऱ्यावर उतर. हार्पसिकॉर्डवर किंवा ऑर्गनवर बसलेला माणूस डाव्या हाताने लिहिलेले सूर वाजवतो आणि उजव्या हाताने आकडे वाचत मधली जागा जागच्या जागी भरतो. किती भरायचं, दाट की विरळ, कुठे एखादी सुरावट सोडायची, कुठे गप्प बसायचं, हे तो समोरच्या वादकाकडे कान देऊन ठरवतो. आज एक भरेल, उद्या दुसरं. कागदावर ते उतरवणं म्हणजे कीर्तनकाराचं उत्तररंगातलं बोलणं आधी टाइप करून आणण्यासारखं झालं असतं.

आता त्या खालच्या ओळीवर बसायचं कोणी? सोलो वाद्य बासरी असो, व्हायोलिन असो किंवा माणसाचा गळा, खालची ओळ ओढायला बहुतेक वेळा एकच वाद्य ठरलेलं: चेलो. म्हणजे चेलोचा सोनाटा ही गोष्ट मुळातच जरा गमतीची आहे. पिढ्यान् पिढ्या खाली बसणारं वाद्य उठून वर येतं, आणि त्याने रिकाम्या केलेल्या जागेवर त्याचाच भाऊ येऊन बसतो.

हे उठून वर येणं घडलं ते बोलोन्यात, १६६० ते १६९० या तीस वर्षांत. आणि त्यात प्रतिभेइतकाच वाटा तातेचा आहे.

त्या काळी तारा म्हणजे मेंढीच्या आतड्यापासून पीळ देऊन केलेली तात. सूर जितका खाली हवा तितकी तात जाड किंवा लांब हवी. फार जाड तात गजाला दाद देत नाही, नुसती घरघरते. म्हणून लांबी वाढवायची, म्हणजे वाद्यच मोठं करायचं. सतराव्या शतकातली खर्जाची व्हायोलिनं अशी अगडबंब असत. मिरवणुकीत, चर्चमध्ये दणदणीत वाजायला ठीक, पण डाव्या हाताच्या बोटांना झटपट धावायला नाही. मग १६६० च्या आसपास कोणाला तरी तातेवर धातूची बारीक तार गुंडाळण्याची युक्ती सापडली. वजन वाढलं, जाडी फारशी वाढली नाही. खालचा सूर आता आखूड तारेतूनही स्वच्छ निघू लागला. वाद्य लहान करता आलं, बोटं पोचू लागली. पुढे क्रेमोनात स्ट्रादिव्हारीनेही १७०७ च्या सुमारास आपल्या चेलोचा साचा आखूड केला. खोक्याची लांबी सुमारे ८० सेंटिमीटरवरून ७५-७६ वर आली. आजही चेलो बनवणारे बहुतेक तोच साचा पुढे ठेवतात. जुने मोठे चेलो मात्र पुढच्या काळात कापून लहान केले गेले.

नावही याच सुमारास आलं. इटालियनमध्ये ‘व्हिओलोने’ म्हणजे मोठा व्हायोला, त्याला ‘-चेल्लो’ हा लघुत्वाचा प्रत्यय. म्हणजे ‘छोटासा मोठा व्हायोला’. आपल्या ‘मोठी छोटी आई’सारखं. छापील पानावर हे नाव पहिल्यांदा दिसतं ते १६६५ मध्ये, जुलिओ चेझारे अर्रेस्ती या बोलोन्याच्या ऑर्गनवादकाच्या सोनाट्यांच्या शीर्षकात. तिथे पुढे दोन शब्द आहेत ज्यांचा अर्थ होतो, ‘मर्जी असल्यास’. दोन किंवा तीन वाद्यांसाठीचे सोनाटे, सोबत व्हायोलिनचेल्लो, मर्जी असल्यास. छापील जगात चेलोचं बारसं झालं तेच ऐच्छिक विषय म्हणून. हे वाचून मी सरांना फोन केला होता. ते बराच वेळ हसले.

बोलोन्याच्या सान पेत्रोनिओ या प्रचंड चर्चमध्ये पगारी वादकांचा ताफा होता. तिथला एक चेलिस्ट दोमेनिको गाब्रिएल्ली. गावकऱ्यांनी त्याला स्थानिक बोलीत टोपणनाव दिलं होतं, ‘चेलोवाला मिंगेन’, दोमेनिकोचं लाडकं रूप. १६८७ मध्ये चर्चने त्याला गैरहजेरीबद्दल काढून टाकलं, कारण ऑपेरांच्या निमित्ताने स्वारी सतत बाहेरगावी. दुसऱ्या वर्षी परत घेतलं. चांगला वादक आणि चुकार नोकर यांचं हे नातं जुनं आहे. १६८९ ची तारीख असलेलं त्याचं एक हस्तलिखित मोदेनाच्या एस्तेन्से ग्रंथालयात आहे. त्यात एकट्या चेलोसाठी सात रिचेरकारे आहेत. कोणी खाली नाही, कोणी शेजारी नाही. त्याच ग्रंथालयात त्याचे चेलो आणि कंटिन्युओचे सोनाटेही आहेत, आणि या प्रकारातल्या सर्वांत जुन्या रचनांत त्यांची गणना होते. पुढच्याच वर्षी, १६९० मध्ये, तो गेला. त्याच्या चेलोची वरची तार आजच्यापेक्षा एक स्वर खाली लावलेली असे. त्यामुळे आजच्या वाद्यावर ते तुकडे वाजवताना बोटं उगीचच अडखळतात. मला वाटलं होतं, दोष माझाच आहे. बराचसा माझा होताच.

बोलोन्याहून हे वेड व्हेनिसला गेलं. तिथे लाल केसांचा एक पाद्री ओस्पेदाले देल्ला पिएता या अनाथाश्रमात १७०३ पासून मुलींना व्हायोलिन शिकवत होता. विवाल्डीबद्दल आणि त्या मुलींबद्दल इतकं लिहिलं गेलं आहे की मी पुन्हा लिहीत नाही. आपल्या कामाचा तपशील एवढाच की त्या मुली केवळ व्हायोलिन वाजवत नव्हत्या. जाळीआडून ऐकू येणाऱ्या त्या वाद्यवृंदात खर्जही त्याच सांभाळत. त्यांना चेलो शिकवायला काही काळ आंतोनिओ वांदीनी होता, बोलोन्याचाच. तो नंतर पादुआला गेला आणि तार्तीनीचा आयुष्यभराचा मित्र आणि साथीदार झाला. १७७० मध्ये चार्ल्स बर्नी हा इंग्रज प्रवासी पादुआत पोचला तेव्हा त्याने एक गोष्ट टिपून ठेवली: वांदीनी आणि तिथले बाकीचे चेलिस्ट अजून जुन्या पद्धतीने, तळहात खालून घालून गज धरतात. सारंगीवाले धरतात तसा. आज चेलोचा गज वरून धरतात, आणि आम्हाला वाटतं की तो अनादिकाळापासून तसाच धरला जातो आहे. शिवाय त्या काळात चेलोला खाली टेकवायची दांडी नव्हती. वाद्य दोन पोटऱ्यांत धरायचं.

विवाल्डीचे चेलोसाठीचे नऊ सोनाटे आज उरले आहेत. सहा पॅरिसच्या छापील संचातले, बाकीचे हस्तलिखित. त्यातला जी मायनरमधला एक जर्मनीत वीझेनटाइडच्या संग्रहात सापडतो. तिथला काउंट रुडोल्फ फ्रांझ एर्वाइन फोन श्योनबोर्न स्वतः हौशी चेलिस्ट होता आणि इटलीतून चेलोचं संगीत मागवत असे. एका श्रीमंत माणसाच्या हौसेमुळे कितीतरी पानं वाचली. हौशी चेलिस्टांच्या बाजूने काही बोलायची संधी मिळाली की मी सोडत नाही.

छापील सहांपैकी तीन सोनाटे एकाच बी-फ्लॅट मेजरमध्ये आहेत, त्यावरून वाटतं की संच एकत्र करणाऱ्याने फार विचार केला नसावा. पण प्रत्येकाचा ढाचा पक्का: संथ, जलद, संथ, जलद. प्रत्येक भागाचे दोन तुकडे, प्रत्येक तुकडा दोनदा. व्हायोलिनच्या कॉन्चेर्टोंमध्ये धबधब्यासारखा कोसळणारा विवाल्डी इथे फार कमी बोलतो. ई मायनरच्या पहिल्या लार्गोमध्ये दाखवण्यासारखी करामत एकही नाही. चार वर्षं शिकलेली बाई तो वाजवू शकते. आणि तरीही तो नीट वाजत नाही.

का, ते मला उशिरा कळलं. व्हायोलिनचा सोनाटा घ्या. व्हायोलिन उंच, खर्ज खाली, मध्ये मोठी मोकळी जागा. हार्पसिकॉर्डवाल्याचा उजवा हात तिथे आरामात वावरतो. चेलोच्या सोनाट्यात ती जागाच नसते. वरचा चेलो गातो तो पुरुषाच्या आवाजाच्या पट्टीत, खालच्या ओळीला जवळजवळ खेटून. मग भरणाऱ्याने भरायचं कुठे? त्याचा हात सोलोच्या वर जाऊ लागतो, आणि मुख्य आवाज मध्ये दाबला जातो. माझ्या फोनवरच्या रेकॉर्डिंगमध्ये जो धुरकट पडदा होता तो नेमका हा.

पण त्याआधी पॅरिस. कारण हे सोनाटे ज्या वर्षांत तिथे छापले गेले ती वर्षं या वाद्यासाठी लढाईची होती.

फ्रान्समध्ये खर्जाचं मानाचं वाद्य चेलो नव्हतं, व्हिओल होतं. सहा-सात तारांचं, पडदे बांधलेलं, मऊ आवाजाचं, दरबारी. चेलो तिथे उशिरा आला, इटालियन वादकांच्या हातून. १७४० मध्ये उबेर ल ब्लां या गृहस्थाने ॲमस्टरडॅममध्ये एक पुस्तकच छापलं. त्याचं शीर्षक थोडक्यात असं की व्हायोलिनच्या आक्रमणापासून आणि चेलोच्या आगाऊपणापासून व्हिओलचा बचाव. पुस्तक भन्नाट आहे. त्यात व्हायोलिन हा सगळं जग जिंकायला निघालेला बुटका सुलतान आहे, आणि चेलो कोण? आजवर कसंबसं पोट भरत आलेला एक दरिद्री कारकून-छाप इसम, ज्याला आता पाटावर बसून जेवायची स्वप्नं पडू लागली आहेत. ल ब्लांचा राग संगीताच्या जितका बाजूने आहे तितकाच इभ्रतीच्या. नोकरमाणूस दिवाणखान्यात आला याचा तो राग आहे.

पुढच्याच वर्षी, १७४१ मध्ये, मिशेल कोरेतने पॅरिसमध्ये चेलो शिकण्याचं पुस्तक काढलं. चेलोसाठीचं हे पहिलं छापील पाठ्यपुस्तक. त्यात एक प्रकरण खास त्यांच्यासाठी आहे ज्यांना व्हिओल येतं आणि आता चेलो शिकायचा आहे. म्हणजे ल ब्लांचा बचाव एका वर्षात बाजारात हरला होता. हारमोनियम आल्यावर सारंगीवाल्यांनी काय केलं, त्याची आठवण होते, फक्त इथे नवं वाद्यही गजाचं होतं.

विवाल्डीचे सोनाटे या बाजारात उतरले. त्याचं नाव पॅरिसमध्ये खपत होतं. १७३० च्या नोव्हेंबरात पंधराव्या लुईने अचानक फर्मावलं की ‘वसंत’ कॉन्चेर्टो वाजवा, आणि दरबारातल्या सरदारांनीच वाद्यं हातात घेऊन तो वाजवला. नाव इतकं खपत होतं की १७३७ मध्ये त्याच्या नावावर ‘ओपस १३’ म्हणून एक सबंध संच निघाला, जो त्याने लिहिलेलाच नव्हता. तो निकोला शेदव्हिल या वादकाने रचून आपल्या नातलगाकरवी, मार्शांकरवी, छापवला होता. मार्शांने १७४९ मध्ये नोटरीसमोर तसं कबूलही केलं, पण तो कागद फिलीप लेस्का या अभ्यासकाने उजेडात आणेपर्यंत १९९० साल उजाडलं. तोवर बासरीवाले ते सोनाटे विवाल्डीचे म्हणूनच वाजवत होते. चेलोच्या संचाला चिकटलेलं ‘ओपस १४’ हेही मागाहूनचं लेबल. त्याने स्वतः शेवटचा क्रमांक दिला तो १२, १७२९ मध्ये.

सोनाटे मात्र त्याचेच आहेत. पण छापण्यात त्याचा हात असावा असं अभ्यासकांना वाटत नाही, आणि त्याला कारण आहे. १७३३ मध्ये एडवर्ड होल्ड्सवर्थ नावाचा इंग्रज त्याला भेटला तेव्हा विवाल्डीने सांगितलं की आपण आता काही छापणार नाही, कारण छापल्याने हस्तलिखितं विकण्याचा धंदा बसतो. एका कॉन्चेर्टोला एक गिनी मिळायची. त्याचं गणित चोख होतं. पण गणित चोख असून भागत नाही, गिऱ्हाईक लागतं. १७३९ मध्ये शार्ल द ब्रॉस हा फ्रेंच माणूस व्हेनिसला गेला, विवाल्डीने त्याला भारी दराने काही कॉन्चेर्टो विकले, आणि द ब्रॉसने घरी कळवलं की इथे याला आता कोणी विचारत नाही, फॅशन बदलली आहे.

म्हणजे एकाच वर्षाचं चित्र असं. १७४०: पॅरिसमध्ये त्याचे चेलोचे सोनाटे दुकानात. व्हेनिसमध्ये तो पिएताला वीस कॉन्चेर्टो सत्तर दुकातांना घाऊक विकतो आणि गाव सोडतो. ऑक्टोबरमध्ये सम्राट सहावा चार्ल्स, ज्याच्या भरवशावर व्हिएन्ना गाठायची, तो मरतो. जुलै १७४१ मध्ये विवाल्डीही मरतो, व्हिएन्नात, भाड्याच्या घरात. साध्या स्मशानात साधं दफन. पॅरिसमध्ये कोणी तरी त्या सुमारास त्याचा ई मायनरचा लार्गो वाजवत असणार, शेजारी दुसरा चेलो घेऊन.

पुढचं मी भराभर सांगते. शतक संपता संपता कंटिन्युओची पद्धत मोडली. रचनाकार आता प्रत्येक सूर लिहू लागले. आकडे वाचून जागच्या जागी भरणारा माणूस लागेनासा झाला, आणि शंभर वर्षांत कोणाला ते येईनासंही झालं. मग एकोणिसाव्या-विसाव्या शतकात जेव्हा हे जुने सोनाटे पुन्हा छापायची वेळ आली, तेव्हा संपादकांना दोन ओळी अपुऱ्या वाटल्या. त्यांनी मधली जागा स्वतः भरली, पियानोसाठी, आपापल्या काळाच्या आवडीप्रमाणे. फ्रान्समध्ये व्हँसाँ दँदीने तर या ई मायनर सोनाट्याचा चेलो आणि तंतुवाद्यवृंदासाठी चक्क कॉन्चेर्टो करून टाकला, आणि तोच कित्येक वर्षं ‘विवाल्डीचा ई मायनर कॉन्चेर्टो’ म्हणून गाजला. मला या संपादकांचा राग येत नाही. त्यांनी भरलं नसतं तर ती पानं माहीमपर्यंत पोचली नसती. पण भरताना एक गोष्ट झाली. खालची ओळ पियानिस्टच्या डाव्या हाताची झाली, आणि शेजारी बसलेला दुसरा चेलो उठून गेला.

तो तिथे होता याच्या खुणा शोधायला लागलं की मिळतात. कोरेल्लीचे १७०० चे व्हायोलिन सोनाटे घ्या, या प्रकारातलं सर्वांत प्रसिद्ध पुस्तक. शीर्षकात लिहिलंय, व्हायोलिन आणि ‘व्हिओलोने किंवा हार्पसिकॉर्ड’. किंवा. आपल्याला शाळेत शिकवलं जातं की कंटिन्युओ म्हणजे हार्पसिकॉर्ड अधिक चेलो. इथे स्पष्ट पर्याय आहे: एकट्या तंतुवाद्यावरही चालेल. मग मधले सूर? ते खालचा चेलिस्टच भरत असे, दोन-तीन तारा एकदम छेडून, जमेल तिथे, जमेल तेवढे. लंडनमध्ये रॉबर्ट लिंडली नावाचा चेलिस्ट एकोणिसाव्या शतकातसुद्धा ऑपेरातल्या गायकांच्या बोलण्यासारख्या भागांना असे चेलोवरचे स्वरपुंज उभे करत साथ करायचा, आणि त्यासाठीच नावाजलेला होता. म्हणजे पद्धत पूर्ण मेली नव्हती, खालच्या खुर्चीवर बसणाऱ्यांच्या हातात उरली होती. अलीकडच्या तीसेक वर्षांत जुनी वाद्यं वाजवणाऱ्या मंडळींनी ती पुन्हा उचलली आहे.

हे सगळं सरांना मी हप्त्याहप्त्याने सांगत असे. त्यांना तारखांत रस नव्हता. कोरेल्लीच्या ‘किंवा’वर मात्र ते थबकले.

‘‘मग मी वाजवतो ते बरोबर ना?’’

सर वाजवत होते ते बरोबर होतं. खालची ओळ वाजवताना मधूनच ते दोन तारांवर गज टेकवत, एखादा तिसरा सूर वर ठेवून देत. कागदावर तो नसे. मला वाटायचं, गंमत म्हणून करतात. हे त्यांना कुणी शिकवलं, असं विचारलं तर म्हणाले, शिकवायचं काय त्यात, खाली बसलेल्याला कळतंच वर काय कमी पडतंय ते.

खाली बसण्याचा त्यांचा अनुभव मोठा होता. गोव्यात चर्चच्या शाळेत सोल्फेज शिकले, म्हणजे अक्षरांच्या आधी सूर वाचायला शिकले. तिथल्या पॅरिश शाळांनी पोर्तुगीज काळात अशी पिढीच्या पिढी घडवली आणि ती पुढे मुंबईला आली, हॉटेलांच्या बँडमध्ये आणि मग हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदात. सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस यांच्यासारखे अरेंजर त्यांच्यातलेच. सरांनी तीसेक वर्षं रेकॉर्डिंगला चेलो वाजवला. कुठल्या गाण्यात, विचारलं तर हात हलवायचे. रेकॉर्डवर नाव यायचं नाहीच. कितीतरी वेळा गाण्याचे शब्दसुद्धा ठाऊक नसायचे, समोरच्या कागदावर लांब सूर असायचे, ते ओढायचे. मग सिंथेसायझर आले आणि वाद्यवृंद लहान होत गेले. तेव्हापासून शिकवण्या.

‘‘सोलो कधी वाजवला?’’

‘‘कुठे? रविवारी, चर्चमध्ये, एकदा-दोनदा.’’

ही गोष्ट पावसाळ्यातली आहे. सरांच्या उजव्या खांद्याचं दुखणं वाढलं होतं. मी खालची ओळ घरी चोरून बसवली होती. बसवली म्हणजे सूर पाठ केले. वाटलं होतं सोपी आहे, लांब सूर, फारशी पळापळ नाही. आठ दिवसांत कळलं की वरची ओळ चुकली तर एक सूर चुकतो, खालची चुकली तर दोघेही पडतात. त्या दिवशी मी प्रत उघडली, लाँड्रीचा कागद मधल्या ओळीवर ठेवला आणि म्हटलं, ‘‘सर, आज मी खाली बसते.’’

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग प्रतीकडे. चष्मा पुसला. लार्गो त्यांनी फार हळू सुरू केला, लिहिल्यापेक्षाही हळू, आणि पहिल्याच वळणावर एक छोटी सजावट घातली जी त्या पानावर नव्हती. तिने माझा ताल सुटला. त्यांनी सूर धरून ठेवला, मी येईपर्यंत. मग पुढे गेलो. खाली बसून मला पहिल्यांदा दिसलं की वरचा माणूस श्वास कुठे घेतो.

पहिला तुकडा संपला. मी गज उतरवला, पान उलटायला हात पुढे केला.

‘‘बाय,’’ सर म्हणाले, ‘‘रिपीट राहिला.’’

आम्ही परत वर गेलो.